लेबल नसलेलं ऑर्किड: नाव कसं शोधायचं आणि यंदा फूल वेगळं का आलं

फेब्रुवारी-मार्च आला की ओळखीतल्या कोणाकडून तरी ऑर्किडचा फोटो येतोच आणि खाली दोन प्रश्न असतात. याचं नाव काय, आणि गेल्या वेळी गडद जांभळं आलेलं फूल यंदा फिकट कसं काय. कुंडीला लेबल नसतं, जिथून घेतलं तिथे विचारलं तर "इम्पोर्टेड ऑर्किड आहे" एवढंच सांगतात, मग घरच्यांना वाटायला लागतं की झाडाला रोग लागला किंवा विकणाऱ्याने फसवलं. बऱ्याच वेळा दोन्ही खरं नसतं. पण काही वेळा खरंच रोग असतो आणि तेव्हा वाट बघत बसलं तर शेजारच्या कुंड्याही जातात, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते.

हे दोन प्रश्न वेगवेगळे सोडवता येत नाहीत. फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, व्हॅंडा हे ऑर्किडचे गट आहेत; फॅलेनॉप्सिस फिकट होणं वेगळं, डेंड्रोबियमचं पान गळणं वेगळं आणि व्हॅंडाचं फूल उमलल्यावर चार दिवस मोठं होत राहणं वेगळं, त्यामुळे आधी झाड कोणत्या गटातलं आहे ते ठरवा आणि मगच फुलाकडे वळा. सगळे उलटं करतात, फुलाचा क्लोजअप टाकतात आणि नाव विचारतात, आणि त्या फोटोत पान, बल्ब (खोडाचा फुगीर भाग), मुळं काहीच दिसत नाही. फुलाचा रंग ही ओळखीतली सगळ्यात कच्ची खूण आहे. पांढरं फूल फॅलेनॉप्सिसला येतं, डेंड्रोबियमला येतं आणि कॅटलियालाही येतं.

तर झाडाकडे बघा. खोड नाही, बल्ब नाही, चार-सहा जाड रुंद पानं समोरासमोर एकावर एक बसलेली, मुळं जाड आणि चंदेरी, पाणी घातलं की ती हिरवी होतात, आणि फुलांचा दांडा म्हणजे स्पाइक पानाच्या बगलेतून बाहेर आलेला, हे असेल तर फॅलेनॉप्सिस. पुण्या-मुंबईत भेट म्हणून मिळणारं ऑर्किड बहुतेक वेळा हेच असतं. खात्री करायची तर फूल हातात घेऊन नीट बघा. बाहेरच्या तीन पाकळ्या, आतल्या दोन मोठ्या आणि मध्ये एक वेगळीच घडण असलेली पाकळी, तिला लिप म्हणतात. मोठ्या फुलांच्या फॅलेनॉप्सिसमध्ये त्या लिपच्या टोकाला दोन बारीक वळलेले तंतू दिसतात. ते दिसले की मूळ रक्त फॅलेनॉप्सिस अमाबिलिस या मूळ जातीच्या घराण्यातलं आहे असं समजायला हरकत नाही. पानांवर चंदेरी-राखाडी चट्टे असतील तर पूर्वजांत शिलेरियाना किंवा स्टुअर्टियाना असण्याची शक्यता मोठी. फुलं छोटी पण एका दांड्यावर खूप आणि फांद्या फुटलेल्या, तर इक्वेस्ट्रिसचा वारसा. फुलं कमी, मेणचट, वास असलेली, तर व्हायोलेशिया किंवा बेलिना यांच्याकडे बघा. लेबल नसलेल्या झाडाबद्दल एवढंच सांगता येतं, आणि निगा ठेवायला ते पुरतं.

दुसरं नेहमीचं म्हणजे डेंड्रोबियम. उसासारखी पेरं असलेल्या उभ्या काठ्या, त्यांना केन म्हणतात. स्पाइक काठीच्या शेंड्याजवळून येत असेल आणि फूल थोडं फॅलेनॉप्सिससारखं दिसत असेल तर तो डेन-फॅल प्रकार, लग्नाच्या स्टेजवर आणि बुकेमध्ये जी जांभळी-पांढरी फुलं असतात ती सोनिया याच प्रकारातली. काठीच्या पेरापेरावर छोट्या झुपक्यांनी फुलं येत असतील तर नोबिले प्रकार, त्याला हिवाळ्यात थंडी आणि कोरडेपणा हवा, मुंबईत तो रुसतो. फूल बाजूने बघितलं की मागे खाली एक टोकदार फुगवटा दिसतो, त्याला हनुवटी म्हणतात, फॅलेनॉप्सिसमध्ये तो नसतो. अगदीच गोंधळ झाला तर सुकत आलेल्या फुलाच्या मधल्या कॉलमच्या, म्हणजे मधोमधच्या जाडसर खांबाच्या, टोकावरची छोटी टोपी टूथपिकने उचला आणि पिवळ्या परागगोळ्या मोजा, फॅलेनॉप्सिसमध्ये दोन, डेंड्रोबियममध्ये चार. ताज्या फुलावर हे करू नका, पराग काढला की ते फूल लवकर कोमेजतं.

बाकीचे गट पटकन सांगते. चपटे बल्ब, बारीक मुळं, पिवळी नाचरी फुलं म्हणजे ऑन्सिडियम. फुगीर बल्बवर एक किंवा दोन कडक पानं आणि कळी एका पातळ पाकिटातून बाहेर येते ते कॅटलिया. लांब पट्टीदार पानं दोन ओळींत, जाड मुळं हवेत लोंबती, टोपलीत काही न भरता टांगलेलं ते व्हॅंडा किंवा तिचा संकर मोकारा. अरुंद लांब पानांचा दाट झुपका असलेलं सिंबिडियम सिक्कीम-कालिम्पाँगच्या ट्रिपवरून घरी येतं आणि आपल्याकडे थंडी पुरत नाही म्हणून बहुतेकांकडे पुन्हा फुलत नाही. घड्या पडलेल्या पानांचं, मातीच्या कुंडीत वर्षभर फुलणारं ते स्पॅथोग्लॉटिस, ग्राउंड ऑर्किड म्हणून विकतात.

कोकणातून किंवा घाटातून कोणी "जंगली ऑर्किड" आणून दिलं असेल तर तो विषय वेगळा. जाड, खोबणीदार लांब पानं आणि मे-जूनमध्ये पांढऱ्या-गुलाबी फुलांचा लोंबता घोस असेल तर ती सीतेची वेणी, आसामात तिलाच कोपौ फूल म्हणतात आणि बिहूला केसात माळतात. छोट्या काठ्या, पावसाळा संपल्यावर सगळी पानं गळालेली आणि हिवाळ्याच्या शेवटी उघड्या काठ्यांवर पांढरी फुलं, हे डेंड्रोबियम बार्बाट्युलम. पानं गळाली म्हणून झाड मेलं समजून लोक ते फेकतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण ते नुसतं झोपलेलं असतं. आणि कळकळीने सांगते, जंगलातून ही झाडं आणू नका आणि रस्त्यावर विकणाऱ्यांकडून घेऊ नका. फांदीवरून ओरबाडलेली झाडं घरात फार कमी जगतात, आणि तिकडे ते झाड पुन्हा उभं राहायला वर्षं जातात. वाऱ्याने मोडून पडलेली फांदी स्वतःच्या वाडीत सापडली तर ती त्याच वाडीतल्या आंब्याला किंवा फणसाला बांधून टाका.

आता नेमक्या नावाचा प्रश्न. इथे बऱ्याच जणांची निराशा होते पण खरं ते सांगायला हवं. ऑर्किडच्या संकरांची अधिकृत नोंद लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे १९६१ पासून होते, त्याआधी सँडर या नर्सरीवाल्यांची यादी होती जी १९०६ पासून निघायची. आजवर नोंदलेले संकर एक लाखाच्या पुढे आहेत. एकाच आईबापाची सगळी पिल्लं एकाच संकरनावाखाली येतात आणि त्यांत एक गुलाबी, एक पांढरं, एक रेघांचं असू शकतं, आणि वेगळ्याच आईबापांच्या पोटी अगदी तसंच दिसणारं फूलही येऊ शकतं. म्हणजे फोटो बघून कोणी छातीठोकपणे संकरनाव सांगत असेल तर ते अंदाजाने सांगतंय. लेबल एकदा हरवलं की ते नाव गेलं, अशा झाडाला ऑर्किडवाले नोआयडी म्हणतात. त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त अंदाजाचं नाव लेबलवर लिहून पुढे कोणाला पिल्लू देऊ नका, चुकीचं नाव असण्यापेक्षा नाव नसलेलं बरं.

मग फुलाकडे. बदल झाला असं ठरवण्याआधी दोन गोष्टी करा. एक म्हणजे उमललेल्या दिवशीच्या फुलाची तुलना गेल्या वर्षीच्या पूर्ण फुललेल्या फुलाशी करू नका, पिवळी फॅलेनॉप्सिस सुरुवातीला हिरवट असतात, कॅटलियाचा रंग आणि वास यायला काही दिवस लागतात, व्हॅंडाचं फूल उमलल्यावरही वाढत राहतं, तेव्हा आठवडाभर थांबा. आणि दुसरं, मोबाईलवर भरवसा ठेवू नका, जांभळा रंग फोनमध्ये निळसर येतो, ट्यूबलाइटखाली वेगळा आणि खिडकीत वेगळा. फुलाशेजारी पांढरा कागद धरून सावलीतल्या दिवसाच्या उजेडात फोटो काढा, दर वर्षी त्याच जागी. "रंग बदलला" म्हणणाऱ्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असा माझा अनुभव आहे.

तरीही फरक दिसतोय, तर पहिला संशय उन्हाळ्यावर घ्या. गुलाबी-जांभळा रंग ज्या अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो ते थंडाव्यात जास्त तयार होतं आणि उष्णतेत कमी. फॅलेनॉप्सिसला स्पाइक धरायलाच काही आठवडे २५-२६ अंशांच्या खालचा थंडावा लागतो, दिवसरात्र २८ च्या वर राहिलं तर नुसती पानंच येत राहतात. तळेगावसारख्या ठिकाणच्या पॉलिहाऊसमध्ये फॅन-पॅड लावून तापमान खाली ठेवतात, तिथे कळी थंडाव्यात वाढते आणि थंडाव्यातच उमलते. तुमच्या घरी काय होतं, पुण्यात डिसेंबरच्या थंडीत स्पाइक निघतो, तो वाढायला दोन-तीन महिने घेतो आणि कळ्या नेमक्या मार्च-एप्रिलमध्ये उमलतात, बाहेर पारा ३७-३८. कळी मोठी होताना जी उष्णता लागली ती फुलात दिसते, रंग फिका, आकार लहान, पाकळी पातळ, रेघा पुसट. म्हणजे विकत घेतलं तेव्हाचं फूल पॉलिहाऊसचं होतं, आत्ताचं तुमच्या बाल्कनीचं आहे, झाड तेच आहे. यावर उपाय करता येतो. कळ्या हरभऱ्याएवढ्या झाल्या की कुंडी घरातल्या सगळ्यात गार पण उजेडाच्या जागी हलवा, पश्चिमेची खिडकी टाळा, आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरपासूनच रात्री झाड बाल्कनीत ठेवा म्हणजे स्पाइक लवकर धरेल आणि फुलं फेब्रुवारीतच उमलतील. मात्र कळ्या असलेल्या कुंडीचं तोंड सारखं फिरवू नका, ऑर्किडची कळी उमलताना स्वतःला वळवून घेते, मध्येच दिशा बदलली की फुलं वाकडीतिकडी बसतात.

फुलांची संख्या कमी झाली असेल तर बहुतेक वेळा उजेड कमी पडलाय. पानं काळपट हिरवी आणि लोळलेली असतील तर नक्कीच. डेंड्रोबियम आणि व्हॅंडाला तर फॅलेनॉप्सिसपेक्षा बराच जास्त उजेड लागतो, सकाळचं कोवळं ऊन चालतं. खत म्हणून १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा आणि वाढीच्या दिवसांतच, एवढं बास. अजून एक कारण लोक लक्षात घेत नाहीत, जुना स्पाइक डोळ्याच्या, म्हणजे दांड्यावरच्या पेराच्या, वर कापला की त्यातून बाजूची फांदी फुटते आणि तिच्यावरची फुलं मूळ स्पाइकपेक्षा कमी आणि लहान येतात. ते स्वाभाविक आहे. अशक्त झाडाचा स्पाइक मात्र बुडापासून काढून टाकावा. डेंड्रोबियमच्या जुन्या पान नसलेल्या काठ्या कापू नका, त्यांच्यावरही फुलं येतात.

रंग पूर्णच वेगळा आला तर कुंडीत वाकून बघा. आमच्या ठाण्याच्या वहिनींकडे जांभळ्या रेघांचं फॅलेनॉप्सिस होतं आणि एका हंगामात त्याला कोरं पांढरं फूल आलं, सगळ्यांना चमत्कार वाटला. पानं बाजूला सारून बघितलं तर खाली दोन बुडखे होते. कुंडी भरगच्च दिसावी म्हणून दोन रोपं एकत्र लावतात, विकताना एकालाच फूल असतं, दुसरं मागाहून मोठं होतं, आणि पहिलं कुजून गेलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. वहिनींच्या कुंडीत जुन्याची मुळं पोकळ झाली होती पण वर दोन पानं टणक होती, ती दोन्ही वेगळी करून नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांत आणि कोळशात लावली.

निळ्याशार फॅलेनॉप्सिसचं उत्तर तर एका ओळीत आहे, ते पांढरंच होतं. स्पाइकमध्ये रंग सोडतात, बुडाजवळ बारीक भोक आणि त्यावर मेण किंवा तशी काही खूण सापडते, पाकळ्यांच्या शिरा जास्त गडद दिसतात आणि कधी कधी मुळंसुद्धा निळी झालेली असतात. त्याच स्पाइकवरच्या शेवटच्या कळ्या फिकट उमलतात आणि पुढच्या हंगामात शुभ्र पांढरं फूल येतं. झाड निरोगी आहे, ठेवा. विकताना हे सांगायला हवं असं माझं ठाम मत आहे, कारण पुढच्या वर्षी पांढरं फूल बघून लोक स्वतःला दोष देत बसतात.

कळ्या उमलण्याआधीच पिवळ्या पडून गळतात ही तक्रार एप्रिल-मेमध्ये जोरात असते. कोरडी हवा, एसीचा थेट झोत, पाण्याची हयगय ही कारणं आहेतच, पण आपल्याकडचं खास कारण म्हणजे आंबे. घरात पेटी आली, गवतात आढी लावली, की पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन वायू सुटतो आणि फॅलेनॉप्सिसच्या कळ्या त्याला फार नाजूक असतात. केळ्यांचा घड शेजारी टांगला तरी तेच, उदबत्ती-धुपाच्या धुरातही तो थोडाफार असतो, म्हणून देवघराशेजारची जागा नको. डोंबिवलीच्या मावशींकडे दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला कळ्या गळायच्या, त्यांनी आंबे दुसऱ्या खोलीत ठेवून दार लावून घ्यायला सुरुवात केल्यावर त्याच खिडकीतलं झाड पूर्ण फुललं.

कधी फुलाची घडणच बदलते. आतल्या दोन पाकळ्या लिपसारख्या होतात, किंवा लिप साध्या पाकळीसारखी, किंवा एखादी पाकळी कमीच. स्पाइकवरचं एखादंच फूल असं असेल तर कळी तयार होताना उष्णता किंवा ताण लागला असं समजा, पुढचं नीट येईल. सगळीच फुलं दरवर्षी अशी येत असतील तर ती जातच तशी, टिश्यू कल्चरमधून, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून, तयार केलेल्या रोपांत असे बदल होतात. मोठमोठ्या गडद ठिपक्यांची हार्लेक्विन फॅलेनॉप्सिसही अशाच बदलातून आली, गोल्डन पीओकर या संकराच्या टिश्यू कल्चर रोपांत ते ठिपके पहिल्यांदा ठळक दिसले. या प्रकारात एका वर्षी ठिपके दाट आणि दुसऱ्या वर्षी विरळ, अगदी एकाच स्पाइकवर दोन फुलं वेगळी, हे चालायचंच.

आता काळजीचं. पावसाळ्यात पाकळ्यांवर बारीक तपकिरी-गुलाबी ठिपके आले तर ती बोट्रायटिस बुरशी, फुलावर पाणी साचू देऊ नका, हवा खेळती ठेवा, डागाळलेली फुलं काढून लांब टाका, झाडाला सहसा धोका नसतो. कडा करपलेल्या, पाकळीवर चंदेरी-पांढुरके ओरखडे आणि कळी नीट न उघडणं, हे फुलकिडे म्हणजे थ्रिप्स, पांढऱ्या कागदावर फूल झटकलं की बारीक पिवळसर किडे चालताना दिसतात.

आणि सगळ्यात गंभीर म्हणजे व्हायरस. ऑर्किडमध्ये दोन नेहमी सापडतात, सिंबिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट. एकरंगी फुलात आधी कधी नसलेले वेडेवाकडे फिके-गडद पट्टे, पाकळी चुरगळलेली, फूल उमलून थोड्याच दिवसांत तपकिरी चट्टे, पानांवर खोलगट काळपट डाग किंवा पिवळट नक्षी, यातलं दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर तो संशय धरा. उष्णतेने फिकं झालेलं फूल सगळीकडे सारखं फिकं असतं, व्हायरसमध्ये रंग तुकड्यातुकड्यांत तुटतो. डोळ्यांनी पक्कं सांगता येत नाही, लक्षणं न दाखवताही झाड बाधित असू शकतं, त्यासाठी टेस्ट स्ट्रिप मिळतात. औषध नाही, कुठलंही नाही, कोणी फवारा विकत असेल तर पैसे घालवू नका. तो पसरतो मुख्यतः कापायच्या हत्यारावरच्या रसातून, म्हणून दाढीची नवी ब्लेड, एका झाडाला एक, दुसऱ्याला दुसरी, हा सगळ्यात स्वस्त आणि पक्का उपाय आहे. कात्री वापरायचीच असेल तर प्रत्येक झाडानंतर पातं गॅसच्या ज्योतीवर तापवून घ्या. संशयित कुंडी वेगळी ठेवा, तिच्या खालचं पाणी दुसऱ्या कुंडीत जाऊ देऊ नका, आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली तर मन घट्ट करून झाड काढून टाका, कोणाला भेट देऊ नका.

नाव गेलं असलं तरी झाडाची नोंद आजपासून सुरू करता येते. प्लॅस्टिकच्या पट्टीवर साध्या पेन्सिलने लिहा, मार्कर उन्हात पुसला जातो. गट, नोआयडी, कधी आणि कोणत्या गावात घेतलं, पहिल्या फुलाचा रंग, फुलाची रुंदी सेंटिमीटरमध्ये, स्पाइक कोणत्या महिन्यात दिसला आणि पहिलं फूल कधी उमललं. कोणाला ओळखायला फोटो पाठवायचा असेल तर अख्खं झाड कुंडीसकट, स्पाइक जिथून निघाला ती जागा, फूल समोरून, फूल बाजूने, आणि लिपचा क्लोजअप शेजारी पट्टी ठेवून, एवढे पाच फोटो पाठवा.